पॅन ॲम ७३, कराची: न उडालेल्या विमानातले सोळा तास

हे प्रकरण कशासाठी

विमानातला थरारपट लिहायला घेतला की पहिल्या दहा पानांतच विमान ३५,००० फुटांवर पोचते. मग पिस्तूल, वादळ, अचानक उघडणारे दार यांची जमवाजमव सुरू होते. पॅन ॲम या अमेरिकन विमान कंपनीच्या ७३ क्रमांकाच्या उड्डाणाचे अपहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत जमिनीवर घडले. विमान कराची विमानतळावर उभे होते ते तिथून हललेच नाही. तरीही विमानातला थरार म्हणजे काय हे शिकायचे असेल, तर याहून चांगले प्रकरण आम्हाला माहीत नाही. सोळा तासांचा सगळा ताण तीन यांत्रिक गोष्टींवर उभा आहे: कॉकपिटच्या छतातली सुटकेची झडप, शेपटीतले एक छोटे इंजिन आणि दारांची हँडले. कोणाच्या हातात बंदूक आहे यापेक्षा या तीन गोष्टींची माहिती कोणाला आहे, यावर पुढचे सगळे ठरत गेले.

हा अभ्यास पटकथाकार, दिग्दर्शक आणि कलादिग्दर्शकांसाठी मांडला आहे. प्रवाशांची आणि बहुतेक कर्मचाऱ्यांची नावे मुद्दाम गाळली आहेत. सार्वजनिक नोंदीत ठळक असलेली दोनच नावे ठेवली आहेत.

पार्श्वभूमी

५ सप्टेंबर १९८६. मुंबई, कराची, फ्रँकफर्ट, न्यूयॉर्क असा मार्ग. विमान बोइंग ७४७-१२१, पॅन ॲमच्या रिवाजाप्रमाणे त्याला नाव दिलेले: ‘क्लिपर एम्प्रेस ऑफ द सीज’. मुंबईहून निघून ते पहाटे कराचीला उतरले. काही प्रवासी उतरले, नवे चढू लागले. विमानात प्रवासी आणि कर्मचारी मिळून सुमारे ३८० माणसे होती. त्यात मुंबईतून बसलेली भारतीय कुटुंबे होती, पाकिस्तानी, अमेरिकन, ब्रिटिश, जर्मन होते. केबिन क्रूमध्ये पॅन ॲमने भारतात नव्याने भरती केलेल्या तरुण मुली होत्या आणि वरिष्ठ पर्सर, म्हणजे केबिन क्रूची प्रमुख, होती मुंबईत वाढलेली, २२ वर्षांची नीरजा भनोत. दोन दिवसांनी तिचा वाढदिवस होता.

त्या आधीच्या वर्षात दोन घटना घडून गेल्या होत्या आणि त्यांची सावली या दिवसावर होती. जून १९८५ मध्ये टीडब्ल्यूए ८४७ हे विमान वैमानिकांसकट अपहरणकर्त्यांच्या ताब्यात गेले. ते बैरूत आणि अल्जीयर्स यांच्यामध्ये फिरवले गेले, एका अमेरिकन प्रवाशाला मारले गेले आणि प्रकरण दोन आठवड्यांहून जास्त चालले. नोव्हेंबर १९८५ मध्ये इजिप्तएअर ६४८ माल्टाला उतरले. इजिप्तच्या कमांडोंनी त्यावर घाईने धावा केला आणि स्फोट, धूर व गोळीबारात पन्नासहून जास्त ओलीस मेले. माल्टाच्या अपहरणामागे अबू निदाल हा पॅलेस्टिनी दहशतवादी गट होता. कराचीचे चौघे अपहरणकर्तेही त्याच गटाचे.

पेच

सकाळी सहाच्या सुमारास विमानतळाच्या सुरक्षा गाडीसारखी सजवलेली एक व्हॅन विमानाजवळ आली. आतले चौघे सुरक्षा रक्षकांच्या गणवेशात होते. त्यांच्याकडे स्वयंचलित रायफली, पिस्तुले, हातबॉम्ब आणि स्फोटकांचा पट्टा होता. शिडीवरून धावत ते आत शिरले.

त्यांना हवे होते ते उडणारे विमान. मागणी होती सायप्रसला नेण्याची, तिथल्या तुरुंगातल्या साथीदारांच्या सुटकेसाठी. म्हणजे पहिल्या काही मिनिटांतला खरा प्रश्न एकच होता: कॉकपिटमध्ये वैमानिक असतील की नसतील?

इथे ७४७ ची रचना कामी आली. या विमानाचे कॉकपिट मुख्य केबिनच्या नाकात नसते, वरच्या मजल्यावर असते. ७४७-१०० मालिकेत वर जायला पुढच्या भागात एक अरुंद गोल जिना होता. मुख्य दारातून आत आलेल्या माणसाला समोर कॉकपिट दिसतच नाही. साध्या एका मजल्याच्या विमानात जे अंतर चार पावलांचे असते ते इथे एक मजला वर, वळण घेऊन होते. केबिन कर्मचाऱ्यांनी वर इशारा पोचवला तो याच वेळात.

या इशाऱ्याबद्दल एक गोष्ट पटकथाकारांनी ध्यानात ठेवावी. पडद्यावर असा क्षण एकाच नायिकेच्या हाती देण्याचा मोह होतो. त्या दिवशी केबिन क्रूमधल्या एकाहून जास्त मुलींनी त्या काही सेकंदांत हालचाल केली. नीरजाचे मोठेपण पुढच्या सोळा तासांत आहे. त्यासाठी सहकाऱ्यांचा वाटा काढून घ्यावा लागत नाही.

पहिला निर्णय: छतातून बाहेर

कॅप्टन, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनियर यांच्यासमोर दोनच वाटा होत्या.

थांबणे ही पहिली. कॅप्टन जहाजावरचा शेवटचा माणूस, ही जुनी समजूत त्या बाजूने. प्रवाशांना धीर, वाटाघाटीला अनुभवी आवाज, विमानाच्या यंत्रणा सांभाळणारे हात, हे फायदे. तोटा एकच, पण प्रचंड: डोक्याला बंदूक लागली की विमान उडणार. उडाले की ते कुठल्या देशात उतरेल, तिथले सरकार कसे वागेल, हे कोणाच्याच हातात राहत नाही. टीडब्ल्यूएच्या प्रकरणाने हेच दाखवले होते.

दुसरी वाट डोक्यावर होती. ७४७ च्या कॉकपिटच्या छतात सुटकेची झडप असते. तिच्याजवळ दोरीची रिळे आणि प्रत्येकी एक मूठ. मूठ धरून बाहेर झोकून दिले की रीळ ठरावीक गतीने सुटते आणि माणूस विमानाच्या अंगावरून घसरत जमिनीवर उतरतो. उंची साधारण तीन मजल्यांची.

तिघे याच वाटेने गेले आणि त्या क्षणी विमान निकामी झाले.

या निर्णयावर तेव्हाही टीका झाली, आजही होते. ३८० माणसे आत सोडून वैमानिक गेले, हे ऐकायला कठोर वाटते. तरी आमचे मत स्पष्ट आहे: निर्णय बरोबर होता. विमान जमिनीवर असताना वैमानिक काढून घेणे म्हणजे अपहरणकर्त्यांच्या हातातले सर्वांत मोठे हत्यार काढून घेणे. त्या काळच्या पद्धतीशीही ते जुळणारे होते. उलट बाजू १९९९ मध्ये दिसली. इंडियन एअरलाइन्सचे आयसी ८१४ हवेतच ताब्यात गेले होते, त्यामुळे कॉकपिट रिकामे करणे शक्य नव्हते. ते अमृतसरला उतरले, पाऊण तास धावपट्टीवर होते आणि पुन्हा उडाले. पुढचे लाहोर, दुबई, कंदाहार हे सगळे त्या उड्डाणानंतरचे.

पण बरोबर निर्णयाचीही किंमत असते. कॉकपिट रिकामे झाल्यावर विमानाच्या वीज, हवा, दिवे या यंत्रणांकडे बघणारे कोणी उरले नाही. ही किंमत रात्री नऊला मोजावी लागली.

मधले तास

वैमानिक गेल्याचे कळल्यावर अपहरणकर्त्यांची योजना कोसळली आणि वाट पाहणे सुरू झाले. म्होरक्या झैद हसन सफारिनी याने दुसरे वैमानिक पाठवण्याची मागणी केली. बाहेरून उत्तर येत होते की सोय करतो, वेळ द्या. रेडिओवर बोलायला विमानातला पॅन ॲमचाच एक तरुण मेकॅनिक बसवला होता.

वेळकाढूपणा ही वाटाघाटीतली मान्य पद्धत आहे. थकवा येतो, धमक्या शिळ्या होतात, कमांडोंना तयारीला अवधी मिळतो. पण प्रत्येक लांबलेली मुदत आत कोणीतरी आपल्या जिवाने भरत असते. सकाळी दहाच्या सुमारास, वैमानिक येत नाहीत हे पाहून, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या एका २९ वर्षांच्या प्रवाशाला दारात गुडघ्यांवर बसवले गेले. तो नुकताच अमेरिकन नागरिक झाला होता. त्याच्या डोक्यात गोळी घालून त्याला बाहेर ढकलून दिले.

यानंतर पासपोर्ट गोळा करण्याचा हुकूम आला. हेतू उघड होता, अमेरिकन वेचून काढायचे. हे काम केबिन क्रूवर सोपवले गेले आणि इथे त्यांच्यापुढे या प्रकरणातला सर्वांत नाजूक निर्णय उभा राहिला.

हुकूम पाळला तर एकेका अमेरिकनाला दाराशी नेले जाणार. उघड नकार दिला तर नकार देणारीच मरणार आणि काम दुसऱ्या कोणाला दिले जाणार. तिसरी वाट होती ती हुकूम पाळल्यासारखे दाखवून आतून पोखरण्याची. मुलींनी तीच निवडली. पासपोर्ट गोळा करत जाताना अमेरिकन पासपोर्ट वेगळे करून काही सीटखाली सरकवले, काही कचऱ्याच्या कप्प्यात टाकले. म्होरक्याच्या हाती गठ्ठा आला तेव्हा त्यात त्याला हवे ते जवळजवळ नव्हतेच. शेवटी त्याने एका ब्रिटिश प्रवाशाचे नाव पुकारले आणि त्याला पुढे दाराजवळ तासन्‌तास बसवून ठेवले. तो वाचला.

कृती म्हणून पाहिले तर यात काय आहे? एक ट्रे किंवा पिशवी, दोन्ही हात, चालण्याची नेहमीची गती आणि चेहरा. एक पासपोर्ट वरच्यावर उघडून त्याचा रंग पाहून तो कुठे सरकवायचा हे अर्ध्या क्षणात ठरवायचे. हे ३७० हून जास्त माणसांच्या केबिनमध्ये, दोन बंदूकधारी फिरत असताना. गोळीबाराच्या कुठल्याही दृश्यापेक्षा या चालण्यात जास्त थरार आहे. दिग्दर्शकाने इथे घाई करू नये. संकलनात तुकडे पाडण्यापेक्षा एक रांग पूर्ण, न तोडता दाखवावी.

७४७ चे केबिन ६ मीटरहून थोडे जास्त रुंद आणि दोन मार्गिकांचे असते. मधे गॅली (विमानातले स्वयंपाकघर) आणि स्वच्छतागृहांचे ठोकळे येतात. चौघा बंदूकधाऱ्यांना सुमारे ७० मीटर लांबीच्या विमानात एका नजरेत सगळे दिसणे अशक्य होते. पासपोर्ट लपवता आले ते यामुळेच, आणि नंतर सगळ्यांना मधल्या भागात कोंबण्यात आले तेही यामुळेच. बरेच थरारपट खर्च वाचवायला एका मार्गिकेचा, पावणेचार मीटर रुंदीचा सेट उभारतात. तिथे लपायला जागाच नसते. त्या सेटवर पासपोर्टाचा प्रसंग पटणार नाही.

बाहेरच्यांपुढचे पर्याय

पाकिस्तानी अधिकाऱ्यांपुढे ढोबळमानाने चार पर्याय होते.

वैमानिक देऊन विमान जाऊ देणे. हे कोणीच गंभीरपणे घेतले नसावे. विमान दुसऱ्या देशात जाणे म्हणजे प्रश्न सोडवणे नव्हे.

दिवसाउजेडी धावा. ७४७ च्या मुख्य मजल्यावर दहा दारे असतात, प्रत्येक बाजूला पाच. दाराचा उंबरठा जमिनीपासून सुमारे पाच मीटरवर. म्हणजे प्रत्येक दाराला शिडी हवी आणि शिड्या खिडक्यांतून दिसतात. माल्टाची आठवण ताजी होती. १९७७ मध्ये मोगादिशूला जर्मनीच्या जीएसजी ९ या कमांडो पथकाने सगळे ओलीस जिवंत सोडवले होते, पण ते रात्री, पुरेशा तयारीने आणि एकाच वेळी अनेक दारांतून घुसून.

तिसरा, वाटाघाटी लांबवून रात्रीचा धावा. हा सर्वांत शहाणा पर्याय होता. त्याला अट एकच: अंधार पडण्याआधी पथक विमानाजवळ, शिड्यांसकट, तयार हवे आणि धाव्याचा क्षण आपण ठरवलेला हवा.

चौथा, काही न ठरवता वेळ जाऊ देणे. प्रत्यक्षात जे घडले ते याच्याच जवळचे होते.

दुसरा निर्णय, जो कोणी घेतलाच नाही: वीज

जमिनीवर उभ्या विमानाची मुख्य इंजिने बंद असतात. तेव्हा दिवे, रेडिओ आणि थंड हवा चालते ती एपीयूवर. एपीयू हे शेपटीच्या टोकात बसवलेले छोटे गॅस टर्बाइन. ते विमानाच्याच टाकीतले इंधन जाळते, जनित्र फिरवते आणि वातानुकूलनाला दाबाची हवा पुरवते. ते तासन्‌तास चालू शकते, पण कोणीतरी त्याचे तापमान, तेल आणि इंधन पाहायला हवे. फ्लाइट इंजिनियर सकाळीच छतातून बाहेर गेला होता.

बाहेरून वीज देण्याचीही सोय असते. ग्राउंड पॉवरची गाडी विमानाच्या नाकाखाली येते आणि जाड केबल तिथल्या सॉकेटमध्ये लावली जाते. हे कराचीसारख्या विमानतळावर रोजचे काम होते.

म्हणजे दिवसभरात केव्हातरी कोणीतरी प्रश्न विचारायला हवा होता: हे एपीयू किती वेळ चालेल, आणि बंद पडले तर? उत्तर काहीही असो, त्यातून दोन उपयोगी वाटा निघाल्या असत्या. ग्राउंड पॉवर देऊ करून वाटाघाटीत एक देवाणघेवाण मिळवता आली असती, मुले आणि वृद्धांच्या सुटकेच्या बदल्यात वीज. किंवा वीज कधी जाईल हे धरून धाव्याची वेळ ठरवता आली असती. दोन्हीपैकी काहीच झाले नाही.

रात्री नऊच्या सुमारास एपीयू बंद पडले. मुख्य दिवे गेले, थंड हवा थांबली, आपत्कालीन दिवे लागले. हे दिवे बॅटरीवर चालतात. नियमाने त्यांनी किमान दहा मिनिटे टिकायला हवे, कारण ते विमान रिकामे करण्यापुरते बनवलेले असतात. म्हणजे उजेड आधी मंद झाला आणि मग आणखी मंद होत गेला.

अपहरणकर्त्यांच्या बाजूने हे पाहावे. पहाटेपासून जागे, योजना फसलेली, बाहेर सैन्य आहे हे माहीत. अशा वेळी दिवे गेले तर त्याचा अर्थ एकच लागतो: धावा सुरू होतो आहे. बिघाड आणि हल्ला यांतला फरक त्यांना कळण्याचा कुठलाच मार्ग नव्हता. मेकॅनिकने कितीही समजावले असते तरी त्यांनी विश्वास का ठेवावा?

त्यांनी प्रवाशांना मधे गोळा केले आणि गोळीबार सुरू केला, हातबॉम्ब फेकले. स्फोटकांचा पट्टा उडवून सगळे संपवण्याचा बेत होता. अंधारात तो साधला नाही आणि स्फोट मोठा झाला नाही. ज्या अंधाराने गोळीबार घडवला त्याच अंधाराने शेकडो जीव वाचवले.

दारे

ओलीस प्रवाशांच्या हातात आता एकच साधन होते: दाराचे हँडल.

३५,००० फुटांवर केबिनच्या आतला आणि बाहेरचा दाबाचा फरक चौरस इंचाला आठ पौंडांच्या आसपास असतो. ७४७ च्या दाराच्या आकाराला तो दहा टनांहून जास्त भार होतो, म्हणून उडत्या विमानात कोणी दार उघडू शकत नाही. जमिनीवर हा फरक शून्य असतो. हँडल फिरवायचे, दार ढकलायचे, बस्स. ही गोष्ट विमान कर्मचाऱ्यांना हातच्या मळासारखी माहीत असते आणि प्रवाशांना जवळजवळ कधीच नसते.

दुसरी गुंतागुंत स्लाइडची, म्हणजे बाहेर उतरायच्या फुगणाऱ्या घसरगुंडीची. दार ‘ऑटोमॅटिक’वर असेल तर उघडताच स्लाइड फुगून बाहेर पडते. ‘मॅन्युअल’वर असेल तर दार उघडते, पण समोर पाच मीटर खोल पोकळी असते. प्रवासी चढत असताना दारे सहसा मॅन्युअलवर असतात, निघण्याआधी ती ऑटोमॅटिकवर घेतली जातात. अपहरण नेमके या दोन अवस्थांच्या सीमेवर झाले होते.

गोळ्या चालू असताना दारे उघडली गेली. एका दाराची स्लाइड उघडली आणि त्यावरून माणसे उतरली. पंखावरच्या दारातून बाहेर आलेल्यांना काळोखात पंखावरून खाली उड्या माराव्या लागल्या. कित्येकांचे पाय आणि घोटे मोडले. नीरजा आधी बाहेर पडू शकली असती. ती प्रवाशांना बाहेर काढत राहिली आणि मुलांना आडोसा देताना गोळ्या लागून गेली.

निष्पत्ती

किमान २० माणसे मेली, शंभरहून जास्त जखमी झाली. रेडिओवर बसवलेला मेकॅनिकही मृतांत होता. गोळीबार सुरू झाला तेव्हा कमांडो दारांशी नव्हते. ते आत पोचेपर्यंत बहुतेक वाचलेले प्रवासी स्वतःहून किंवा क्रूच्या मदतीने बाहेर पडले होते. चौघेही अपहरणकर्ते पकडले गेले. कट आखणारा पाचवा नंतर सापडला.

पाकिस्तानात १९८८ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती नंतर जन्मठेपेत बदलली. सफारिनी सप्टेंबर २००१ मध्ये सुटला आणि लगेच अमेरिकेच्या हाती लागला. २००४ मध्ये त्याला १६० वर्षांची शिक्षा झाली. बाकीचे २००८ मध्ये पाकिस्तानी तुरुंगातून सुटले. अमेरिकेने त्यांच्यावर प्रत्येकी ५० लाख डॉलरचे इनाम लावले.

नीरजाला भारताने मरणोत्तर अशोक चक्र दिले. हा सन्मान मिळालेली ती पहिली स्त्री. पाकिस्ताननेही तिचा गौरव केला.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत पहिले, विमानाजवळ येणाऱ्या गाडीची तपासणी. गणवेश आणि दिव्याची व्हॅन एवढ्यावर चौघे सशस्त्र लोक शिडीपर्यंत पोचले. पुढचा सगळा प्रसंग या एका ढिलाईतून जन्मला आणि तो सर्वांत स्वस्तात टाळता आला असता.

दुसरे, वैमानिक बाहेर आल्याबरोबर त्यांना नियंत्रण कक्षात बसवून विचारायला हवे होते: विमानाची अवस्था काय, इंधन किती, एपीयूचा भरवसा किती, कुठली दारे कुठल्या स्थितीत. विमानाची सर्वांत पक्की माहिती असलेली तीन माणसे जिवंत आणि हाताशी होती. वाटाघाटी करणाऱ्याच्या खुर्चीशेजारी फ्लाइट इंजिनियर बसलेला असणे ही साधी मांडणी आहे.

तिसरे, तातडीच्या धाव्याची तयारी. प्रत्येक ओलीस प्रकरणात दोन योजना लागतात: एक आपल्या सोयीच्या वेळेची आणि एक ‘आत आत्ता गोळी चालली’ या क्षणाची. दुसरी पहिल्या तासाभरातच, कच्ची का होईना, तयार हवी. भारताच्या एनएसजीने एप्रिल १९९३ मध्ये अमृतसरला अपहृत इंडियन एअरलाइन्स विमानावर रात्री धावा केला तेव्हा अपहरणकर्ता एकच होता आणि विमान लहान ७३७. ते काही मिनिटांत संपले आणि प्रवासी सुखरूप राहिले. कराचीची तुलना त्याच्याशी करणे पूर्णपणे न्याय्य नाही, पण पथक दाराशी असण्याने काय फरक पडतो तो तिथे दिसतो.

चौथा मुद्दा अवघड आहे. केबिन क्रूने दिवसा, शांत असताना, दारांजवळच्या निवडक प्रवाशांना हँडलची माहिती देऊन ठेवायला हवी होती का? दिली तर घाबरलेला माणूस चुकीच्या वेळी दार उघडण्याचा धोका. न दिली तर अंधारात शोधाशोध. आमचा कल देण्याकडे आहे. कुजबुजत, दोन वाक्यांत, आणि शक्यतो क्रूच्या नजरेतल्याच माणसाला. पण त्या केबिनमध्ये उभे नसताना हे म्हणणे सोपे आहे, हेही नोंदवायला हवे.

पडद्यावर आणताना

सोळा तास दोन तासांत बसवताना पहिली कात्री मधल्या तासांवर चालते. तिथेच चूक होते. सँडविच वाटणे, पाणी देणे, लहान मुलाला शांत करणे, स्वच्छतागृहाला जायची परवानगी मागणे, यातून प्रेक्षकाला केबिनचा नकाशा पाठ होतो. तो पाठ झाला नसेल तर शेवटच्या अंधारात कोण कुठे आहे ते कळणार नाही आणि पडद्यावर फक्त आरडाओरड उरेल. अंधाराचे दृश्य दिसण्यावर चालत नाही, आठवणीवर चालते.

उजेडाचे टप्पे आधी ठरवावेत: एपीयूवरचा पूर्ण प्रकाश, आपत्कालीन दिवे, मावळत्या बॅटऱ्या आणि शेवटी फक्त बंदुकीच्या नळीची झळक. जमिनीलगत मार्ग दाखवणाऱ्या पट्ट्या आजच्या विमानात सगळीकडे असतात म्हणून सेटवर सहज लावल्या जातात. अमेरिकेतला तो नियम १९८४ चा आणि पालनाची मुदत नोव्हेंबर १९८६ ची. सप्टेंबर १९८६ च्या केबिनमध्ये त्या दाखवण्याआधी विचार करावा.

आवाजाचेही तेच. एपीयूची घरघर आणि हवेच्या झोताचा सूं आवाज पहिल्या दृश्यापासून खाली अखंड ठेवावा, इतका की प्रेक्षक तो विसरेल. तो थांबेल तेव्हा संगीताची गरज लागणार नाही.

काळ आजचा घेतला तर छताची झडप जपून वापरावी. ए३२० किंवा ७३७ मध्ये वैमानिक कॉकपिटच्या बाजूच्या सरकत्या खिडकीतून दोरीने उतरतात. ७८७ मध्ये त्या खिडक्या उघडत नाहीत, तिथे छतात झडप आहे. २००१ नंतर कॉकपिटचे दार मजबूत आणि बंद असते, त्यामुळे वैमानिकांना इशारा ऐकून ठरवायला जास्त वेळ मिळतो. वेळ मिळाला की ‘राहायचे की जायचे’ हा प्रश्न आणखी टोकदार होतो. दार बाहेरून ठोठावले जात आहे, आतल्या पडद्यावर सहकारी दिसते आहे आणि खिडकी उघडी आहे. चित्रपटाचे पहिले मोठे दृश्य इथेच आहे.

या प्रकरणातले एक पात्र अजून नीट लिहिले जायचे आहे, असे आम्हाला वाटते. तो मेकॅनिक. विमानाच्या यंत्रणा जाणणारा, रेडिओवर दोन्ही बाजूंचे ऐकणारा, बाहेर काय सांगितले जाते आणि आत काय होते आहे यातले अंतर सर्वांत आधी ओळखू शकणारा. पटकथा त्याच्या कानांतून लिहून पाहावी.